कोऱ्या कार्डावरचा श्री

ती घटना आठवायला मला काही चाळावं लागत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कित्येक गुन्ह्यांतले आरोपी आज समोर उभे राहिले तरी मी ओळखणार नाही. पण त्या टॅक्सीवाल्याचं एक वाक्य जसंच्या तसं कानात आहे. "साहेब, त्यानं फोटू काढला आन तितंच कॅमेरा फिरवून दावला. माझं त्वांड त्यात दिसत हुतं." कॅमेऱ्यात रोल असतो, तो स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि चार दिवसांनी फोटो बघायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असण्याचा तो काळ. अशा काळात हा माणूस माझ्यासमोर बसून हे सांगत होता, आणि त्याच्यावर संशय होता खुनाचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी नेमणूक महाबळेश्वरकडच्या एका ठाण्यात होती. बाहेरच्यांना वाटतं, थंड हवेच्या ठिकाणी पोलिसाला काय काम? हवा खायची आणि स्ट्रॉबेरी खायची. त्यांना दऱ्या दिसतात त्या कठड्याच्या अलीकडून. आम्ही त्या पलीकडून बघितल्या. दोर लावून खाली उतरायचं, जे सापडेल ते चादरीत बांधून वर आणायचं, मग पंचनामा. माणूस पाय घसरून पडला, त्यानं उडी मारली की त्याला कुणी ढकललं, हे दरी सांगत नाही. ते वरच्या माणसांकडून काढून घ्यावं लागतं.

जानेवारी महिना होता. गर्दीचे दिवस नव्हते. एका संध्याकाळी सांगलीचा एक तरुण ठाण्यात आला. घामाघूम झालेला, ओठ सुकलेले. म्हणाला, "माझा मावसभाऊ दुपारी टॅक्सीनं फिरायला गेला तो परत आला नाही." भाऊ अमेरिकेत इंजिनीअर, सुट्टीवर आलेला. दोघं आदल्या दिवशी एसटीनं वर आले होते. "तुम्ही का गेला नाहीत?" मी विचारलं. "माझं डोकं दुखत होतं साहेब. मी खोलीवर झोपलो होतो. दादा एकटाच गेला." हॉटेलच्या मॅनेजरनंही तेच सांगितलं. टॅक्सीत एकच पाहुणा बसताना त्यानं बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फॉरेस्ट गार्डचा निरोप आला. एका आडबाजूच्या पॉइंटखाली कातळावर कुणीतरी पडलंय. त्याच वेळी दुसरी खबर आली ती नाक्यावरच्या चहावाल्याकडून. हा आमचा जुना माणूस, त्याच्या टपरीवरून घाट चढणारं उतरणारं प्रत्येक वाहन जायचं. त्यानं सांगितलं, "काल दिवेलागणीला अमुक टॅक्सी रिकामीच खाली गेली. मागच्या सीटवर फारिनची बॅग हुती, सायेब." टॅक्सी ओळखीची होती, मालकही. खालच्या खोऱ्यातला, लष्करात ड्रायव्हर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. आम्ही त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा तो अंघोळ उरकून बुटाच्या नाड्या बांधत होता.

बॅग सापडायला झडती घ्यावी लागली नाही. त्याच्या बायकोनं देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवली होती. आत स्वेटर आणि मयताचा पासपोर्ट. "परक्याची वस्तू हाय, म्हून देवापाशी ठिवली," ती म्हणाली. "म्हंजी कुनी हात लावत न्हाई. ह्ये आत्ता द्यायलाच निगालं हुतं." माझा हवालदार जुना, मुरलेला माणूस. त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला मात्र ती गोष्ट तिथंच खटकली. चोरीचा माल मी कडब्याच्या गंजीत बघितला आहे, धान्याच्या पेवात बघितला आहे, चुलीखाली पुरलेला बघितला आहे. देवासमोर पाटावर, दारातून दिसेल असा, कधी बघितला नव्हता. पण खटकण्यावर तपास चालत नाही. माणूस मेला होता आणि मेलेल्याचा पासपोर्ट याच्या घरात होता. मी त्याला गाडीत घातलं.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आरोपीला हकीकत आधी सरळ सांगायला लावायची, मग शेवटाकडून उलटी. खोटं सरळ चालतं, उलटं चालताना त्याचे पाय अडखळतात. टॅक्सीवाल्याची हकीकत दोन्हीकडून सारखीच निघाली.

"एक पाव्हना हाटेलासमोरनं बसला. दुसरा पुढं बाजारात उभा हुता, गोळ्या घ्यायला गेल्याला. त्यो तितनं बसला. दोगंबी पॉइंटावर उतरलं. मला म्हनलं, तू तुजी एक फेरी मारून ये. म्या पाचगणीचं भाडं मारून आलो, तर कुनीच न्हाई. हाका मारल्या. हारन वाजवला. वाटलं, दुसऱ्या गाडीनं गेलं आसतील."

"मग बॅग हॉटेलवर का दिली नाहीस?"

"साहेब, गाडीचा एक दिवा गेल्याला. हाटेल त्या अंगाला, माजं गाव ह्या अंगाला. अंधार पडायच्या आत घाट उतरायचा हुता. म्हनलं सकाळी दिऊ."

"दोघं होते म्हणतोस. हॉटेलवाला म्हणतो एकच होता."

तेव्हा तो म्हणाला ते फोटोचं. पॉइंटावर उतरल्यावर अमेरिकेच्या पाहुण्यानं त्याला आणि दुसऱ्याला टॅक्सीला टेकून उभं केलं, फोटो काढला आणि लगेच कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवला. "गाडीचा लंबर सुदिक वाचाय येत हुता. तुमी त्यो फोटू बगा की साहेब. त्यात आमी दोगं हाय."

हवालदार मोठ्यानं हसला. "रोल धुवायच्या आधीच फोटू? आरं गड्या, थाप मारायची तर जरा बेतानं मार. कॅमेरा हाय का टीव्ही?"

टॅक्सीवाला हळू आवाजात म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं हुतं. पर म्या बगितलं." मग माझ्याकडे वळून, "साहेब, पोरगं भरतीला पळतंय. पुढच्या म्हैन्यात मैदान हाय. बापावर खुनाची केस आसली तर त्याला कोन घील?"

सातारा जिल्ह्यात नोकरी केलेल्याला हे समजावून सांगायला नको. ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तिथं पोरं कळायला लागल्यापासून रस्त्यानं पळत असतात. भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणीचे कागद ठाण्यात येतात, आणि त्यावर सही आमची असते. म्हणजे त्याच्या पोराच्या कागदावर मीच काय लिहायचं, हे या तपासावर ठरणार होतं. त्याला चहा द्यायला सांगून उठलो.

दुपारी मयताची आई सांगलीहून आली. विधवा बाई, शाळेत शिकवून एकटीनं मुलगा वाढवलेला. तो मावसभाऊही लहानपणापासून तिच्याच हाताखाली वाढलेला, तिला आईपेक्षा जास्त मानणारा. कोर्टातून पोलीस कोठडी घेऊन टॅक्सीवाल्याला परत आणत होतो आणि नेमकी ती व्हरांड्यात होती. तिनं त्याला अडवलं. आवाज चढवला नाही. शिक्षिकेचा आवाज, एकेक शब्द सुटा. "माझ्या मुलानं तुमचं काय वाकडं केलं होतं? तुम्हालाही मुलगा असेल. त्याचं चांगलं होणार नाही, हे लक्षात ठेवा." टॅक्सीवाल्यानं मान खाली घातली.

मी मात्र त्या दोघांकडे बघत नव्हतो. मी मावसभावाकडे बघत होतो. माझ्या नोकरीत मी शेकडो नातेवाईक बघितले. आरोपी समोर आला की माणूस धावून जातो, शिव्या घालतो, निदान डोळे फाडून त्याच्याकडे बघतो तरी. हा भिंतीवरच्या बंदोबस्ताच्या नकाशाकडे बघत उभा होता. त्याला नकाशातलं काय कळत होतं, देव जाणे. कोठडीत शिरताना टॅक्सीवाला पुटपुटला, "त्योच दुसरा पाव्हना हाय साहेब," पण आरोपीच्या एकट्याच्या शब्दावर तपास फिरत नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

हॉटेलच्या खोलीतून आम्ही मयताचं सामान पंचनामा करून आणलं होतं. कपडे, मांडीवर ठेवायचा संगणक, आणि एक कॅमेरा. मुद्देमालाच्या कपाटातून कॅमेरा काढला, पंच बोलावले, लाखेचं सील फोडलं. रोल घालायचं झाकण शोधलं तर झाकणच नाही. एक खिट्टी सरकवली आणि कॅमेऱ्याची पाठ उजळली. चौकोनी, निळसर. त्यावर इंग्रजीत लिहून आलं की एकही चित्र नाही.

हवालदार वाकून बघत होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "आयला," तो म्हणाला, "टीव्हीच हाय की."

आता विचार करा. हा कॅमेरा चालू असताना ज्यानं बघितला नाही, त्याला त्याच्या पाठीवर चित्र उमटतं हे कसं कळणार? आमच्या अख्ख्या ठाण्याला ते ठाऊक नव्हतं. आणि मावसभावाच्या जबाबात स्पष्ट होतं की कॅमेरा दिवसभर खोलीतच होता. टॅक्सीवाल्याची आणि त्या पाहुण्याची गाठ त्या दुपारीच पडली होती. म्हणजे कॅमेरा पॉइंटावर गेला होता. आणि गेला होता तर परत खोलीत आला कसा? मयत तर दरीत होता.

मी मावसभावाला बोलावलं. आवाज साधा ठेवला. "यात फोटो कसे नाहीत?"

"नवीन कार्ड आहे साहेब. दादानं वापरलंच नव्हतं."

कार्ड म्हणजे काय, हे मला त्याच्याकडूनच कळलं. कॅमेऱ्याच्या कुशीतून त्यानं काडेपेटीएवढी चपटी वडी काढून दाखवली. फोटो यावर साठतात म्हणे. सांगताना त्याची भीड चेपली. सांगलीत तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, शिकवायची सवय होती. कॅमेऱ्याच्या पिशवीत तसंच दुसरं एक कार्ड होतं. ते घालून बघितलं तर त्यात सांगलीच्या घरचे फोटो होते. तुळशीपाशी उभी असलेली आई, कृष्णेचा घाट, भेळेची गाडी. मग इतक्या लांब महाबळेश्वरला आलेला माणूस कोरं कार्ड घालून खोलीत ठेवतो आणि रिकाम्या हातानं दऱ्या बघायला जातो? हे मला पटेना. पण न पटणं हा पुरावा नव्हे.

पुण्याला एक संगणक दुरुस्त करणारा अभियंता होता. आमच्या वरिष्ठांच्या ओळखीचा. रीतसर पत्र, पंच आणि दोन्ही कार्डं घेऊन मी स्वतः गेलो. त्यानं कार्ड आपल्या यंत्राला जोडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे कोरं नाही, कोरं केलेलं आहे. फॉरमॅट केलंय. कॅमेऱ्यातूनही करता येतं, पण हे संगणकावर केलंय."

"कशावरून?"

"संगणक फॉरमॅट करताना नाव विचारतो. द्यायलाच पाहिजे असं नाही, बरेच जण देत नाहीत. दुसऱ्या कार्डाला नाव नाही. याला आहे." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, श्री.

मी विचारलं, आतलं सगळं गेलं का? तो म्हणाला, "बहुतेक नाही. फ्लॉपी फॉरमॅट केली की आतलं खरंच पुसलं जातं. या कार्डाचं तसं नाही. काय कुठं ठेवलंय याची फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथंच असतात. त्यावर नवे फोटो काढले नसतील तर निघतील. पण वेळ लागेल आणि हमी देत नाही." मला ते पटकन समजलं. तलाठ्यानं दप्तरातून नाव खोडलं म्हणून शेत थोडंच उचलून नेलं जातं? कार्ड त्याच्याकडे पंचांसमक्ष सोपवून मी परत फिरलो.

पण जीव टांगणीला लागला. इकडे कोठडीची मुदत संपत आली होती. वरून रोज फोन, अमेरिकेतून आलेला माणूस मेलाय, दोषारोपपत्र कधी दाखल करताय? टॅक्सीवाल्याच्या अटकेविरुद्ध स्टँडवर सगळ्या गाड्या बंद ठेवायची भाषा चालू होती. टॅक्सीवाल्याची बायको सकाळी भाकरी घेऊन यायची आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत ठाण्यासमोरच्या दगडावर बसून राहायची. तिनं मला कधी काही विचारलं नाही. मी जाता-येता दिसलो की फक्त उठून उभी राहायची. त्याचा मला फार त्रास व्हायचा, आणि त्रास झाला की मी हवालदारावर खेकसायचो.

श्री हे नाव डोक्यातून जात नव्हतं. मयतानंच दिलं असेल तर? आईकडून माहिती घ्यायला म्हणून मी सांगलीला गेलो. घरात दिवस घातलेले नव्हते अजून, सतरंजीवर माणसं बसलेली. बाई म्हणाल्या, "तो देवधर्मातला नव्हता हो. तो घरून निघताना मी हातावर अंगारा ठेवायचे तर हसायचा." मावसभाऊ कुठंय विचारलं तर म्हणाल्या, "क्लासवर. त्याला घरात बसवत नाही. सारखा माझ्यासमोरून उठून जातो."

क्लास एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. तो बाहेर गेला होता. त्याच्या हाताखालच्या शिक्षिकेनं मला खुर्ची दिली आणि शिकवणं चालू ठेवलं. नवीन बॅच होती. प्रत्येकाच्या हातात नवी फ्लॉपी. ती म्हणाली, "आता आपण फ्लॉपी फॉरमॅट करायची. संगणक नाव विचारेल. आपल्या क्लासची पद्धत आहे, नवीन वहीवर आपण पहिल्यांदा काय लिहितो? तेच इथं लिहायचं." आणि समोरच्या सगळ्या पोरापोरींनी एकेक बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, श्री.

मी विचारलं, "ही पद्धत कुणाची?"

"सरांची. सर म्हणतात, कोरं काही हातात आलं की आधी श्री. त्यांच्या मावशींनी लावलेली सवय आहे, पाटीवरची."

मी पाणी मागून घेतलं आणि प्यायलो. इतक्या वर्षांत गुन्हेगार रुमाल विसरतात, चप्पल विसरतात, हाताचे ठसे ठेवून जातात, हे बघितलं होतं. हा माणूस भावाच्या मरणाच्या खुणा पुसायला बसला, आणि पुसून कोरं झाल्यावर त्याच्या बोटांनी आपणहून श्री लिहिला. त्याला ते कळलंही नसेल. तिथूनच मी पुण्याला फोन लावला. अभियंता म्हणाला, "निघालेत साहेब. कागदावर छापून ठेवलेत. येऊन घेऊन जा."

मावसभावाला ठाण्यात आणलं तेव्हा मी खोलीत फक्त हवालदाराला ठेवलं. टेबलावर छापलेले कागद पालथे ठेवले होते. आवाज चढवायची गरज नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पहिला कागद उलटला. टॅक्सी, तिचा नंबर, बॉनेटला टेकून संकोचानं उभा टॅक्सीवाला, आणि त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा हा.

त्यानं बघितलं. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"पुढचे दाखवू?" मी विचारलं.

"नको साहेब. ते मला दिसतात. डोळे मिटले तरी दिसतात."

मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. आईला भावाचं लग्न उरकायचं होतं. स्थळं येत होती, पण मुलाचा धड फोटो नव्हता. निघताना मावशीनं यालाच बजावलं होतं, चांगला उभा फोटो काढून आण, अर्धा नको. मुलीकडचे लोक विचारतात, उंची किती, पायानं नीट आहे ना. पॉइंटावर ऊन चांगलं होतं. भाऊ कातळावर उभा राहिला. यानं एक फोटो काढला, त्यात पाय कापले गेले. "मी म्हणालो, दादा, पाय येत नाहीयेत, जरा मागं हो. तो एक पाऊल मागं झाला. तो फोटो छान आला. तरी मी म्हणालो, अजून एक, अजून थोडा मागं. मीच म्हणालो साहेब. बटण दाबलं, आणि तो कॅमेरा पटकन फोटो घेत नाही, जरा वेळ लागतो. मी डोळा लावून थांबलो होतो. फोटो निघाला तेव्हा समोर कुणी नव्हतं."

शेवटचा कागद तोच होता. कातळ, त्यामागं मोकळं आकाश, आणि कुणी नाही. दहा-बारा पावलांवरून काढलेला. कॅमेरा डोळ्याला लावून तितक्या लांब उभा असलेला माणूस ढकलू शकत नाही, हेही तोच कागद सांगत होता.

तो खूप ओरडला म्हणे. खालून ओ आली नाही. मग पळत मुख्य रस्त्याला आला, मिळेल ती एसटी धरली. "मावशीला काय सांगणार होतो? तिनं फोटो काढायला सांगितलं आणि मी..." खोलीवर येऊन त्यानं भावाच्या संगणकावर कार्ड कोरं केलं. कॅमेऱ्यातून एकेक फोटो पुसायला तो बघावा लागला असता आणि तेवढी छाती त्याला नव्हती. फॉरमॅट त्याला येत होतं. रोज शिकवायचाच तो.

"आणि तो टॅक्सीवाला?" मी विचारलं. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "त्याचं काय? त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतास ना?"

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं साहेब."

"घेतलं नाहीस, पण वाचवलंही नाहीस. ज्या मावशीला तोंड दाखवायची तुला लाज वाटली, तिच्या तोंडचे शाप तू त्या गरिबाला घेऊ दिलेस." तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. खरं सांगतो, मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच आले. हवालदारानं त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

टॅक्सीवाल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात दिला. मृत्यू अपघाती म्हणून नोंदला गेला. मावसभावावर खोटी माहिती देण्याबद्दल कायद्याप्रमाणे झालं ते झालं, त्याच्या तपशिलात जात नाही. टॅक्सीवाला सुटला तेव्हा हवालदार त्याला पार फाटकापर्यंत सोडायला गेला. "चुकलं गड्या आमचं," म्हणाला. टॅक्सीवाल्यानं त्याला विचारलं, "फोटू कसा आलाय?" भरतीच्या मैदानाला अजून अवकाश होता. पुढं पोराचे कागद माझ्याकडे आले तेव्हा मी सही करून स्वतः पाकीट बंद केलं.

तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना या तपासातलं एकच सांगतो. खोटं बोलणारा माणूस तुम्हाला पटेल असंच बोलतो, त्यासाठीच तर तो खोटं बोलतो. मावसभावाचं डोकं दुखत होतं, ते किती पटण्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला हसू येईल असं वेडंवाकडं सांगायची हिंमत खऱ्या माणसातच असते, कारण त्यानं ते डोळ्यांनी बघितलेलं असतं. तेव्हा एखाद्याचं बोलणं अगदीच अशक्य वाटलं, तर हसायच्या आधी कपाट उघडून कॅमेरा बघा.

पण हे झालं धड्याचं. ही घटना आठवते ती दुसऱ्याच कारणानं. काही महिन्यांनी मुद्देमाल परत द्यायचा कोर्टाचा हुकूम झाला आणि मयताची आई तो न्यायला आली. एकटी आली. स्टँडपासून ठाण्यापर्यंत कशी आली बघितलं, तर बाहेर तीच टॅक्सी उभी होती. तिनं स्टँडवर त्याला शोधून काढलं होतं. वाटेत त्यांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. तो तिची पिशवी घेऊन आत आला आणि दाराशी उभा राहिला. "आवं आई, बसा हितं," म्हणून त्यानंच खुर्ची पुढं केली.

मी कपडे दिले, संगणक दिला, कॅमेरा दिला. सह्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "फोटोही असतील ना?"

मी पाकिटातून शेवटचा कागद आधीच बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या अगोदरचा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला. कागद हातभर लांब धरला, मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि वह्या तपासणारी बाई बरोबर उत्तरावर बोट ठेवते तसं कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"चांगला काढलाय त्यानं," त्या म्हणाल्या. "पाय आलेत पूर्ण."

टॅक्सीवाला दाराशी तोंड फिरवून उभा होता.